पहिले ट्रोपोनिन कार्ड निगेटिव्ह, पण दुपारी हार्ट अटॅकचे निदान: असे का होते?

पंचगंगाकाठ यांचा प्रश्न

नमस्कार. या मंचावर वैद्यकीय क्षेत्रातील बरीच जाणकार मंडळी लिहितात, म्हणून माझ्या मनातील शंका सविस्तर मांडत आहे.

माझ्या थोरल्या काकांना (वय ६३, मधुमेह आहे) गेल्या महिन्यात पहाटे साडेचारच्या सुमारास छातीत दाबल्यासारखे वाटू लागले आणि कळ जबड्यापर्यंत जाऊ लागली. तासाभरात आम्ही त्यांना तालुक्याच्या गावातील रुग्णालयात नेले. तेथे ईसीजी काढला, त्यात ठळक असे काही दिसले नाही. बोटावरून रक्त घेऊन ट्रोपोनिन आयची कार्ड चाचणी केली, तीही निगेटिव्ह आली. तरीही तेथील डॉक्टरांनी त्यांना घरी सोडले नाही आणि दुखणे थांबत नसल्याने कोल्हापूरला हलवण्यास सांगितले. कोल्हापुरात यंत्रावर केलेल्या चाचणीत ट्रोपोनिन आय सकाळी नऊ वाजता ११८ आणि दुपारी बारा वाजता ९४० नॅनोग्रॅम प्रति लिटर आले. त्याच दिवशी अँजिओग्राफी झाली. सर्कमफ्लेक्स नावाची वाहिनी जवळजवळ बंद होती, तेथे स्टेंट बसवला. काका आता घरी आहेत आणि हिंडूफिरू लागले आहेत.

माझे प्रश्न असे आहेत. पहिली कार्ड चाचणी चुकीची होती का, आणि तसे असेल तर ती करतातच कशाला? काकांच्या फाइलमध्ये सीपीके-एमबी, एसजीओटी आणि एलडीएच यांचेही आकडे आहेत. एसजीओटी ही तर यकृताची चाचणी असे आम्ही समजत होतो, तिचा हृदयाशी काय संबंध? आणखी एक गोष्ट मला अजिबात उलगडत नाही. माझ्या सासूबाई डायलिसिसवर आहेत. गेल्या वर्षी त्यांना धाप लागली तेव्हा ट्रोपोनिन टी ६२ आणि तीन तासांनी ६४ आले होते. अहवालावर मर्यादा १४ छापलेली होती, तरी डॉक्टरांनी हा हार्ट अटॅक नाही असे ठामपणे सांगितले आणि ते खरेही ठरले. मर्यादेच्या चौपट आकडा असूनही अटॅक नाही, आणि निगेटिव्ह चाचणी असूनही अटॅक आहे, तर या चाचणीवर विश्वास नेमका कसा ठेवायचा?

आपत्कालीनकक्ष यांचा प्रतिसाद

ताई, काका सुखरूप आहेत हे वाचून बरे वाटले. तालुक्याच्या डॉक्टरांनी निगेटिव्ह कार्ड हातात असूनही त्यांना घरी सोडले नाही, हा त्या दिवसातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय होता असे मी मानतो. मी फिजिशियन आहे आणि माझा बराच काळ कॅज्युअल्टीत जातो, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूपेशींच्या आत, आकुंचन घडवून आणणाऱ्या तंतूंना घट्ट चिकटलेले प्रथिन असते. पेशीतील द्रवात मोकळे असणारे ट्रोपोनिन एकूण साठ्याच्या अगदी थोड्या टक्क्यांएवढेच असते. रक्तवाहिनी बंद होऊन पेशी मरू लागल्या की आधी हा मोकळा भाग रक्तात येतो आणि पुढे तंतू विघटित होत जातात तसतसा उरलेला साठा कित्येक दिवस पाझरत राहतो. म्हणून रक्तातील पातळी झटका सुरू झाल्याक्षणी वाढत नाही. जुन्या पद्धतींना ती पकडण्यास साधारण तीन ते सहा तास लागत. ती बारा ते चोवीस तासांत शिखर गाठते आणि आठवडा-दहा दिवस, ट्रोपोनिन टीच्या बाबतीत तर दोन आठवड्यांपर्यंतही, वाढलेली राहू शकते. काकांचे दुखणे साडेचारला सुरू झाले आणि कार्ड तासाभरानंतर लावले गेले. त्या वेळी रक्तात कार्डाला दिसेल एवढे ट्रोपोनिन आलेलेच नसणार.

दुसरे कारण कार्डाच्या क्षमतेचे आहे. बाजारातील अनेक ट्रोपोनिन आय कार्डांचा उंबरठा ०.५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर, म्हणजे ५०० नॅनोग्रॅम प्रति लिटर असतो. त्याखाली दुसरी रेघ उमटत नाही. आता काकांचे आकडे पाहा. कार्ड याच प्रकारचे असेल, तर सकाळी नऊ वाजता ११८ असतानाही ते निगेटिव्हच आले असते. दुपारी बाराला मात्र पॉझिटिव्ह आले असते. यंत्रावरील उच्च-संवेदनशील चाचणी एक-दोन आकडी नॅनोग्रॅमही मोजते. ती सुविधा नसताना केवळ कार्डावर निर्णय घेणे म्हणजे किराण्याच्या काट्यावर सोने तोलण्यासारखे आहे. त्यामुळे कार्ड चुकले असे मी म्हणणार नाही. पॉझिटिव्ह कार्डाला मोठा अर्थ असतो, पण दुखणे सुरू झाल्यापासून दोन-तीन तासांच्या आतील निगेटिव्ह कार्डाला जवळजवळ काहीच अर्थ नसतो, आणि ही गोष्ट रुग्णाच्या नातेवाइकांना ठाऊक असणे मला फार गरजेचे वाटते.

सासूबाईंच्या बाबतीतही उत्तर याच दिशेने जाते. ट्रोपोनिन सांगते ते एवढेच की हृदयस्नायूला इजा झाली आहे. इजा कशामुळे झाली हे ते सांगत नाही. जुना मूत्रपिंडविकार, हृदयाची कमजोरी, हृदयस्नायूचा दाह, फुप्फुसाच्या वाहिनीत अडकलेली गुठळी, रक्तातील गंभीर जंतुसंसर्ग, अतिशय वेगाने चाललेली धडधड, इतकेच काय पण लांब पल्ल्याची मॅरेथॉन धावल्यानंतरही ते वाढलेले आढळते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चौथ्या जागतिक व्याख्येनुसार हार्ट अटॅक म्हणण्यासाठी ट्रोपोनिनमध्ये चढ किंवा उतार दिसावा लागतो, निदान एक आकडा मर्यादेच्या वर असावा लागतो आणि त्याच्या जोडीला हृदयाचा रक्तपुरवठा कमी पडल्याचा पुरावा लागतो. तो लक्षणांतून, ईसीजीतील नव्या बदलांतून, एकोतून (हृदयाच्या सोनोग्राफीतून) किंवा अँजिओग्राफीतून मिळतो. सासूबाईंचे ६२ आणि ६४ हे व्यवहारात एकच आकडे आहेत. डायलिसिसवरील अनेक रुग्णांत ट्रोपोनिन टी कायम असे वाढलेले असते. काकांचा आकडा मात्र तीन तासांत आठपट झाला. दोघांच्या निदानातील फरक मुख्यतः या चढात आहे.

म्हणून ट्रोपोनिनचा एकच आकडा फोनवर सांगून ‘डॉक्टर, हे नॉर्मल आहे का?’ असे कोणी विचारले, तर मी आधी दुखणे कधी सुरू झाले, रक्त किती वाजता घेतले, ईसीजी कसा आहे आणि पूर्वीचा एखादा आकडा आहे का, हे विचारतो. त्यांची उत्तरे मिळेपर्यंत मी मत देत नाही.

ईसीजीबद्दलही लिहायला हवे. सर्कमफ्लेक्स ही वाहिनी हृदयाच्या मागील आणि बाजूच्या भागाला रक्त पुरवते आणि नेहमीच्या बारा लीडच्या (लीड म्हणजे हृदयाकडे एकेका बाजूने पाहणारी नोंद) ईसीजीत तो भाग नीट दिसत नाही. अशा वेळी पाठीकडील व्ही-७ ते व्ही-९ या लीड लावून पाहाव्या लागतात, आणि दुखणे चालू असेल तर पहिल्या तासात दर पंधरा ते तीस मिनिटांनी ईसीजी पुन्हा काढावा लागतो. याउलट ईसीजीच्या आलेखातील एसटी नावाचा भाग स्पष्ट उंचावलेला असेल, तर ट्रोपोनिनची वाट पाहायचीच नसते. तेथे मिनिटागणिक स्नायू मरत असतो. दोन तासांच्या आत अँजिओप्लास्टी शक्य असेल तर ती, नसेल तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लगेच, असा क्रम आहे. ‘आधी रक्ताचा रिपोर्ट येऊ द्या’ असे म्हणत थांबलेले नातेवाईक मी पाहिले आहेत. त्यांची भीती मला समजते, पण त्या रुग्णासाठी तो विलंब घातक असतो.

नमुनाकुपी यांचा प्रतिसाद

मी जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते, म्हणून एसजीओटीच्या प्रश्नाकडे वळते. तो वाटतो तितका भाबडा नाही, कारण हार्ट अटॅकच्या निदानासाठी वापरलेली पहिली रक्तचाचणी एसजीओटी हीच होती. १९५४ साली न्यूयॉर्कमध्ये लाड्यू, व्रोब्लेव्स्की आणि कारमेन यांनी दाखवून दिले की झटक्यानंतर हे एन्झाइम रक्तात वाढते. तोपर्यंत डॉक्टरांच्या हाती लक्षणे आणि ईसीजी एवढेच होते, त्यामुळे ही फार मोठी झेप होती. मात्र हे एन्झाइम यकृतात आणि हातापायांच्या स्नायूंतही भरपूर असते, म्हणून ते वाढले तरी उगम कोठला हे कळत नसे. पाठोपाठ एलडीएच आले. ते एक-दोन दिवसांत चढते आणि आठवडाभर टिकते, त्यामुळे उशिरा आलेल्या रुग्णांत त्याचा उपयोग होई. पण लाल पेशी फुटल्या तरी तेही वाढते.

त्यानंतर सीपीके हे स्नायूंतील एन्झाइम आणि सत्तरच्या दशकात त्याचा एमबी हा प्रकार वापरात आला. सीपीके-एमबी चार ते सहा तासांत वाढते आणि दोन-तीन दिवसांत पूर्ववत होते. कित्येक वर्षे निदानाचा कणा तोच होता. त्याची अडचण अशी की एमबी प्रकार थोड्या प्रमाणात इतर स्नायूंतही असतो, आणि एकूण सीपीके तर कमरेत घेतलेल्या वेदनाशामक इंजेक्शननेही वाढते. आपल्याकडे छातीत दुखू लागले की वाटेत कोठेतरी असे इंजेक्शन घेऊनच रुग्ण पुढे येतो, हे आम्ही प्रयोगशाळेत नेहमी पाहतो. काही जणांच्या रक्तात सीपीके प्रतिपिंडाला चिकटून मोठ्या स्वरूपात फिरत असते. अशा वेळी एमबीचा आकडा एकूण सीपीकेपेक्षाही जास्त येतो. भाग पूर्णापेक्षा मोठा असू शकत नाही, म्हणून असा अहवाल दिसला की तो मोजणीचा दोष समजावा आणि रुग्णाला घाबरवू नये.

ट्रोपोनिनचा शोध टोकियोत सेत्सुरो एबाशी यांनी साठच्या दशकात लावला, पण तेव्हा प्रश्न स्नायूच्या आकुंचनाचा होता, निदानाचा नव्हता. त्याचे सी, आय आणि टी असे तीन घटक आहेत. सी हा घटक हृदयात आणि काही इतर स्नायूंत सारखाच असल्याने निदानासाठी निरुपयोगी ठरतो. आय आणि टी यांची हृदयातील रूपे मात्र वेगळी आहेत आणि नेमक्या या वेगळेपणावर प्रतिपिंडे तयार करता आली. १९८७ मध्ये ट्रोपोनिन आयची, तर १९८९ मध्ये जर्मनीतील ह्यूगो काटुस यांच्या गटाची ट्रोपोनिन टीची चाचणी प्रसिद्ध झाली. टीच्या पहिल्या पिढीतील चाचणीत हातापायांच्या स्नायूंतील टीही थोडे मोजले जाई. पुढील पिढीत तो दोष काढला गेला. २००० साली युरोप आणि अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी एकत्र येऊन झटक्याची व्याख्याच ट्रोपोनिनभोवती पुन्हा बांधली.

त्यामुळे काकांच्या फाइलमधील एसजीओटी आणि एलडीएच हे जुन्या ‘कार्डियाक एन्झाइम’ पॅकेजचे उरलेले अवशेष आहेत. माझे स्पष्ट मत असे आहे की जेथे यंत्रावरील ट्रोपोनिन उपलब्ध आहे, तेथे हार्ट अटॅकच्या निदानासाठी या दोन्ही चाचण्यांचे आणि सीपीके-एमबीचेही पैसे रुग्णाकडून घेऊ नयेत. दुसरा झटका ओळखण्यासाठी सीपीके-एमबी हवे असा युक्तिवाद पूर्वी केला जाई. परंतु उतरत्या किंवा स्थिरावलेल्या ट्रोपोनिनमध्ये २० टक्क्यांहून अधिक नवी वाढ दिसली, तर तेही काम ट्रोपोनिनच करते.

आता आकड्यांविषयी, कारण नातेवाइकांचा सर्वाधिक गोंधळ येथे होतो. अहवालावरील मर्यादा म्हणजे शंभर निरोगी माणसांपैकी नव्व्याण्णव जणांचा आकडा ज्याच्या खाली येतो तो बिंदू. रोश या कंपनीच्या उच्च-संवेदनशील ट्रोपोनिन टीसाठी तो १४ नॅनोग्रॅम प्रति लिटर आहे, तर अ‍ॅबटच्या ट्रोपोनिन आयसाठी स्त्रियांत १६ आणि पुरुषांत ३४. टी आणि आय यांची तुलना करता येत नाही. दोन कंपन्यांच्या आयचीही करता येत नाही, कारण त्यांची प्रतिपिंडे प्रथिनाच्या वेगवेगळ्या भागांना चिकटतात. एका रुग्णालयात टी २० आणि दुसऱ्यात आय ९० आले, तर त्यावरून वाढ झाली असे म्हणता येणार नाही. एककेही तपासावीत. काही अहवालांवर नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर असते, त्यातील ०.०४ म्हणजे लिटरमागे ४० होतात. पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर आणि नॅनोग्रॅम प्रति लिटर मात्र एकच. रुग्ण हलवताना पहिल्या अहवालाची प्रत सोबत द्यावी, आणि तिच्यावर रक्त घेतल्याची वेळ, चाचणीचे पूर्ण नाव व एकक आहे ना हे पाहून घ्यावे.

पंचगंगाकाठ यांचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. अहवाल पुन्हा काढून पाहिला, सासूबाईंची चाचणी टीची आणि काकांची आयची होती हे आता लक्षात आले. आणखी तीन शंका आहेत. स्त्री आणि पुरुष यांच्या मर्यादा वेगळ्या का? वार्षिक तपासणीच्या काही पॅकेजांत ट्रोपोनिन दिसते, ते निरोगी माणसाने करून घ्यावे का? आणि माझी बहीण केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेते. त्यामुळे रक्ताचे रिपोर्ट बिघडतात असे तिला कोणीतरी सांगितले आहे, ते ट्रोपोनिनलाही लागू होते का?

दूरदेशी_हृद्रोग यांचा प्रतिसाद

मी मूळचा सांगलीचा, सध्या स्कॉटलंडमध्ये हृदयरोग विभागात आहे. पहिल्या दोन प्रश्नांवर लिहितो.

स्त्रियांच्या हृदयाचा स्नायुभार सरासरीने कमी असतो, त्यामुळे निरोगी स्थितीतील ट्रोपोनिनही कमी असते. दोघांसाठी एकच मर्यादा ठेवली की स्त्रियांतील मध्यम वाढ तिच्याखाली दडून राहते. एडिंबरा येथील गटाने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उच्च-संवेदनशील चाचणी आणि स्वतंत्र मर्यादा वापरल्यावर स्त्रियांतील हार्ट अटॅकच्या निदानाचे प्रमाण ११ टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर गेले, पुरुषांत ते किंचितच बदलले. ज्या स्त्रियांना ‘अ‍ॅसिडिटी असेल’ किंवा ‘ताण घेतला असेल’ असे सांगून परत पाठवले जाते, त्यांच्यासाठी हा फरक लहान नाही.

तरीही अधिक संवेदनशील चाचणी आली म्हणजे सर्व प्रश्न सुटले असे मी म्हणणार नाही. स्कॉटलंडमधील दहा रुग्णालयांत ४८,००० हून अधिक रुग्णांवर झालेला हाय-स्टीअ‍ॅक्स हा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. जुन्या चाचणीत निसटलेले, पण नव्या चाचणीत इजा आढळलेले सुमारे १,७७० रुग्ण त्यात सापडले. त्यांपैकी वाहिनीतील थर फुटून गुठळी झाल्याने आलेला नेहमीचा झटका फक्त एकतृतीयांश जणांना होता, आणि नव्या चाचणीमुळे वर्षभरातील पुढचे झटके किंवा हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी झाले नाहीत. उरलेल्यांच्या हृदयाला इजा होती, पण कारणे वेगळी होती आणि त्यांच्यावर काय उपचार करावेत हे तितकेसे स्पष्ट नव्हते. या चाचणीची खरी ताकद मला झटका नाही हे लवकर आणि निर्धास्तपणे सांगण्यात दिसते. त्याच गटाच्या आधीच्या अभ्यासात, आल्याबरोबर घेतलेल्या रक्तात ट्रोपोनिन आय ५ पेक्षा कमी असेल तर पुढील महिनाभरात झटका किंवा हृदयविकाराने मृत्यू येणार नाही हे भाकीत ९९.६ टक्के वेळा बरोबर ठरले, आणि सुमारे ६० टक्के रुग्ण या गटात मोडत होते. मात्र दुखणे सुरू होऊन दोन तासही झाले नसतील, तर येथेही आम्ही एका आकड्यावर सोडत नाही, पुन्हा रक्त घेतो.

यावरून पॅकेजचे उत्तर मिळते. लक्षणे नसलेल्या माणसाने हार्ट अटॅक शोधण्यासाठी ट्रोपोनिन करून घेण्यात अर्थ नाही. ही चाचणी आज इजा चालू आहे का याचे उत्तर देते, पुढे वाहिनी बंद होईल का याचे नव्हे. आज नॉर्मल आलेला आकडा पुढच्या आठवड्यातील दुखण्याला लागू होत नाही, आणि त्याच्या भरवशावर कोणी दुखणे अंगावर काढले तर नुकसानच होईल. तेच पैसे रक्तदाब, एचबीए१सी (साखरेची तीन महिन्यांची सरासरी) आणि कोलेस्टेरॉल पाहण्यात व त्यांवर उपचार करण्यात घालावेत.

गावदवाखाना यांचा प्रतिसाद

मी ग्रामीण भागात काम करतो, आमच्याकडे फक्त कार्ड आहे. दुखणे सुरू होऊन थोडाच वेळ झालेला आणि ईसीजी साधा असलेला रुग्ण आला, तर कार्ड पुन्हा किती वेळाने लावावे? रात्री १०८ची रुग्णवाहिका मागवावी की सकाळपर्यंत थांबावे, हा प्रश्न आम्हाला नेहमी पडतो.

आपत्कालीनकक्ष यांचा प्रतिसाद

डॉक्टर, दुखणे सुरू झाल्यापासून निदान सहा तास होईपर्यंतचे निगेटिव्ह कार्ड मी निर्णायक धरणार नाही, त्यानंतर पुन्हा लावावे. पण दुखणे चालू असेल, परत परत येत असेल, घाम, धाप किंवा रक्तदाब उतरणे यांपैकी काही असेल, किंवा ईसीजी बदलत असेल, तर दुसऱ्या कार्डासाठी थांबू नये, १०८ बोलवावी. वयस्कर आणि मधुमेही रुग्णांत छातीतील कळीऐवजी नुसती धाप किंवा गळून गेल्यासारखे वाटणे एवढेच असू शकते, तेथे माझा उंबरठा आणखी खाली असतो. ईसीजीचा फोटो मोठ्या रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञांना पाठवण्याची सोय लावून घेता आली, तर दहा कार्डांपेक्षा तिचा उपयोग जास्त होतो.

नमुनाकुपी यांचा प्रतिसाद

बायोटिनचे उत्तर राहिले होते. होय, काही पद्धतींना ते लागू होते. अनेक यंत्रांत रक्तातील ट्रोपोनिनला पकडणारे प्रतिपिंड बायोटिन आणि त्याला घट्ट चिकटणारे स्ट्रेप्टाव्हिडिन हे प्रथिन यांच्या जोडीने पृष्ठभागाला बांधलेले असते. रुग्णाच्या रक्तात बाहेरून आलेले बायोटिन खूप असेल तर ते ही जागा अडवते आणि ट्रोपोनिन प्रत्यक्षापेक्षा कमी मोजले जाते, म्हणजे चूक नेमकी धोक्याच्या बाजूला होते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०१७ मध्ये याबाबत इशारा दिला, तेव्हा ट्रोपोनिन असे खोटे कमी आलेल्या एका रुग्णाच्या मृत्यूची नोंदही त्यात होती. शरीराची रोजची गरज सुमारे ३० मायक्रोग्रॅम आहे, तर केसांसाठीच्या गोळ्यांत ५ किंवा १० मिलिग्रॅम, म्हणजे शेकडो पट बायोटिन असते. त्यानंतर काही कंपन्यांनी चाचण्यांमध्ये सुधारणा केली आहे, पण प्रत्येक प्रयोगशाळेत नवी रसायने असतीलच असे गृहीत धरू नये.

थायरॉइडसारख्या ठरवून केलेल्या तपासणीआधी गोळी किती काळ बंद ठेवायची हे तुमच्या बहिणीने प्रयोगशाळेला विचारून घ्यावे. छातीत दुखत असेल तर मात्र गोळीचा परिणाम ओसरण्याची वाट पाहत बसू नये. ताबडतोब जावे आणि कॅज्युअल्टीतील डॉक्टरांना गोळीचे नाव व शेवटची गोळी घेतल्याची वेळ सांगावी. आम्हाला कळले, तर तोच नमुना बायोटिनवर न चालणाऱ्या दुसऱ्या पद्धतीने मोजता येतो, आणि डॉक्टरही तेवढ्या वेळात कमी आकड्यावर विसंबून न राहता ईसीजी व एकोकडे अधिक बारकाईने पाहतात.